विषय: डेट्रॉइटच्या रोबोटिक्स टीमसाठी शनिवार हवे आहेत

प्रेषक: सु. म., नोव्हाय

मंडळी, नमस्कार.

आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या मेलांच्या गर्दीत हरवू नये म्हणून वेगळा विषय टाकून लिहिते आहे. मागच्या हिवाळ्यात मी डेट्रॉइट शहरातल्या एका हायस्कूलच्या 'फर्स्ट' (शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धा भरवणारी संस्था) टीमबरोबर होते. यंदा आणखी माणसं हवी आहेत.

ज्यांच्या घरी हे वेड अजून शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. डीन केमन यांनी १९८९ साली न्यू हॅम्पशायरमध्ये ही संस्था काढली. १९९२ च्या पहिल्या स्पर्धेत २८ संघ होते, आज एकट्या मिशिगनमध्ये हायस्कूलचे ५०० च्या आसपास आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो आणि मार्चमध्ये सामने सुरू. मधल्या आठवड्यांत मुलांनी माणसाच्या वजनाचा रोबोट उभा करायचा. सामना साधारण अडीच मिनिटांचा, तीन संघ विरुद्ध तीन संघ. आता जो समोर आहे तोच पुढच्या सामन्यात आपला जोडीदार असू शकतो, त्यामुळे सुटा भाग मागायला कोणी आलं तर त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

आपल्या ट्रॉय-नोव्हायसारख्या उपनगरांच्या टीमांत निम्मे पालक गाड्यांच्या कंपन्यांत असतात. गिअरचं गणित कोणाला विचारायचं, हा प्रश्नच येत नाही. डेट्रॉइटच्या हद्दीवरचा एट माइल रोड ओलांडून शहरात गेलं की तो येतो. १९५० साली साडेअठरा लाखांचं हे शहर २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. कारखान्यांबरोबर काम येणारी माणसंही पांगली. टीममधल्या एका मुलीने एकदा रुमालात गुंडाळून आजोबांचं मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, आणलं. ते वाचायचं कसं, हे घरात कोणालाच येत नव्हतं. मला येत होतं, कारण माझे वडील आयटीआयमध्ये शिकवायचे. पण हे इंचांचं आणि मला सवय मिलिमीटरची! दोघींनी मिळून ते हजारांशापर्यंत वाचलं. त्या दिवसानंतर टीममध्ये कुठलाही शाफ्ट (फिरणारा दांडा) तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बसला नाही.

जागा आहे, यंत्रं आहेत. जानेवारी ते मार्च दर शनिवारी शेजारी उभं राहणारं माणूस हवं आहे. एकदा येऊन फोटो काढून जाणारं नको.

---

प्रेषक: वै. जो., कँटन

ताई, फार छान काम. माझा लेक अकरावीत आहे आणि इथल्या टीमचा प्रोग्रॅमिंगचा भाग तोच सांभाळतो. कॉलेजच्या अर्जासाठी त्याला सेवेचे तास दाखवायचेच आहेत. त्याने तुमच्या टीमला कोड लिहून दिला तर चालेल का? एका वीकेंडला होईल म्हणतो. मला यंत्रांतलं काही कळत नाही, पण शिवणयंत्र आहे. काही उपयोग असेल तर सांगा.

---

प्रेषक: द. कु., ट्रॉय

सुनबाई, उत्साहाबद्दल कौतुकच आहे. पण माझ्या माहितीप्रमाणे नुसत्या नोंदणीलाच सहा हजार डॉलरच्या आसपास लागतात. तेवढ्यात गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळा उभी राहील. इथलं सरकार श्रीमंत आहे. मंडळाचा पैसा आधी आपल्या मुलांना जावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

प्रेषक: सु. म., नोव्हाय

काका, तुम्ही दर वर्षी गावच्या शाळेला पाठवता ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते चालूच राहावं. तिकडे भारतात २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळेसाठी, शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यासाठी अर्ज करायला शाळेला मदत केलीत तर तुमचा पैसा कितीतरी पटींनी पोचेल. मी मंडळाकडे चेक मागत नाहीये. शनिवार मागते आहे, आणि तो इथून सातारला पाठवता येत नाही. शिवाय आपली घरं या शहराच्या धंद्यावर उभी राहिली आहेत. पंचवीस वर्षं इथे राहून त्याच्या शाळेत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, याची मला लाज वाटली, म्हणून गेले.

वहिनी, लेकाला जरूर पाठवा. पण कोड लिहून देऊ नका. मागच्या वर्षी ही चूक मी केली. सामना दोन दिवसांवर आला होता, वायरिंग अर्धवट होतं, मी रात्री बसून ते पूर्ण केलं. वायरिंग करणारा मुलगा सकाळी आला, बघितलं, "छान झालंय" म्हणाला आणि बाजूला जाऊन बसला. पुढचे दोन आठवडे त्याने क्रिम्पर, म्हणजे वायरीच्या टोकाला जोड दाबून बसवायचा चिमटा, हातात घेतला नाही. रोबोट चालला, पण तो त्याचा राहिला नव्हता. लेकाने शेजारी बसायचं, "इथे काय होईल असं वाटतं?" असं विचारायचं, आणि कीबोर्ड त्यांच्याकडेच राहू द्यायचा. हे एका वीकेंडचं काम नाही.

२००४ साली फीनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलच्या चार मुलांनी पाण्याखालच्या रोबोटच्या स्पर्धेत एमआयटीला मागे टाकलं होतं. गरीब वस्ती, कागदपत्रं नसलेली स्थलांतरितांची मुलं, पीव्हीसी पाइपांचा रोबोट. ऐन वेळी त्यात पाणी शिरायला लागलं, तर टॅम्पॉन ठेवून ते शोषायची युक्ती त्यांच्यातल्याच एकाला सुचली. त्यांचे दोन शिक्षक तिथेच होते आणि त्यांनी रोबोट मुलांच्या ताब्यात राहू दिला. मला त्या शिक्षकांचं जास्त कौतुक वाटतं.

शिवणयंत्राचा तर फारच उपयोग आहे. रोबोटला चारी बाजूंनी बंपर लागतात: प्लायवूडची फळी, त्यावर फोम, वर ताणून बसवलेलं जाड कापड. एक लाल संच, एक निळा, दोन्हींवर टीमचा नंबर पांढऱ्यात. मागच्या वर्षी आमचं कापड दुसऱ्याच सामन्यात फाटलं.

आणखी दोन गरजा. रात्री आठनंतर मुलांना घरी सोडायला गाड्या. बसची वाट बघण्यात बर्फात पाऊण तास जातो, आणि त्यामुळेच दोघं यायची थांबली. आणि गरम जेवण. येणाऱ्या प्रत्येकाला पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरावा लागेल. मला मेल करा, पाठवते.

---

प्रेषक: वै. जो., कँटन

लेकाला तुमची मेल वाचायला दिली. थोडा हिरमुसला, मग म्हणाला येतो, सगळे शनिवार. फॉर्म दोघांसाठी पाठवा.

जाड कापडाला सोळा नंबरची सुई घेते. कोपऱ्यांची मापं नका पाठवू. यंत्रच गाडीत घालून आणते, तुमच्या पोरांपैकी कोणाला शिवायला शिकायचं असेल ते विचारून ठेवा.