मदत हवी आहे: फ्रीलान्सिंगचे संकेतस्थळ बदलायचे आहे, कोणते परवडेल?

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)
नमस्कार. मी सोलापुरात घरूनच परदेशी ग्राहकांची कामे करतो आणि ती सगळी एकाच मोठ्या संकेतस्थळावरून मिळतात. तिथे माझे रेटिंग उत्तम आहे आणि एकाही ग्राहकाची तक्रार नाही. तरीही दिवाळीनंतर उत्पन्न निम्म्यावर आले आहे. अशा संकेतस्थळांमध्ये आपसांत एवढी स्पर्धा आहे म्हणतात, तर आपल्यासारख्याला त्यांतले सध्या कोणते परवडते, एवढेच कृपया सांगावे. ‘कौशल्ये वाढवा’ आणि ‘धीर धरा’ हे सल्ले घरातून पुरेसे मिळत आहेत.

अनुवादिका
तुमचे काम कोणते, एका कामाचे साधारण किती पैसे मिळतात आणि ते बोली लावून मिळते की ग्राहक स्वतः तुमच्या पानावर येऊन मागणी नोंदवतो, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. याशिवाय उत्तर देणे म्हणजे आजार न विचारता गोळी देण्यासारखे आहे.

कोडवाला_पुण्यात
मूळचा सोलापूरचाच असल्यामुळे स्पष्ट लिहितो. अपवर्क या संकेतस्थळावर जा, तासाच्या दराने करार करा आणि बाकीचा विचार सोडा. तिथे पूर्वी पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १० आणि १०,००० डॉलरच्या वर ५ टक्के कमिशन कापले जाई. २०२३ मध्ये ते सरसकट १० टक्के झाले आणि २०२५ पासून नव्या करारांवर कामानुसार शून्य ते १५ टक्के आकारले जाते. तासाच्या करारात दर आठवड्याला बिल लागते, त्यामुळे पैशांची चिंता राहत नाही. माझे घर गेली काही वर्षे त्यावरच चालले आहे.

जुळेसोलापूरकर
काम एम्ब्रॉयडरी पंचिंगचे आहे, म्हणजे कंपनीचा लोगो घेऊन त्याची भरतकामाच्या मशीनवर चालणारी डीएसटी फाइल करून द्यायची. आपल्याकडे शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत हे रोजचे काम असल्यामुळे वेगळे सांगावेसे वाटले नाही. एका फाइलचे दहा ते पंधरा डॉलर मिळतात. बोली लावावी लागते. सध्याच्या संकेतस्थळाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाते अजून चालू आहे. दर हजार टाक्यांमागे ठरतो, तासावर नाही, तेव्हा तासाच्या कराराचा मला उपयोग नाही.

अनुवादिका
मग हिशेब पूर्ण बदलतो, कारण छोट्या कामात टक्केवारीपेक्षा किमान शुल्क आणि बोलीचा खर्च जास्त बोचतो. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरावीक रकमेच्या कामाला १० टक्के किंवा ५ डॉलर, यांपैकी जे जास्त असेल ते कापले जाते. म्हणजे तुमच्या पंधरा डॉलरच्या फाइलमधून एक तृतीयांश रक्कम जाते आणि तीही काम स्वीकारताच आकारली जाते, पैसे मिळाल्यावर नव्हे. अपवर्कवर बोलीसाठी लागणारे कनेक्ट, म्हणजे एक प्रकारची टोकन, प्रत्येकी ०.१५ डॉलरला विकत घ्यावे लागतात आणि एका बोलीला ते अनेक लागतात, त्यामुळे फुकट गेलेल्या बोलींचा खर्च मिळालेल्या एका कामावर पडतो. फायवरवर सरसकट २० टक्के जातात, पण तिथे ग्राहक स्वतः पानावर येत असल्यामुळे बोलीचा खर्च नाही आणि पंधरातले बारा डॉलर निश्चित हाती येतात. ज्याची टक्केवारी सगळ्यांत जास्त दिसते, तेच तुमच्या कामाला स्वस्त पडण्याची शक्यता आहे. मात्र बहुतेक विक्रेत्यांना काम पूर्ण झाल्यावर पैसे मोकळे होण्यासाठी चौदा दिवस थांबावे लागते.

कोडवाला_पुण्यात
फायवरवर पाच डॉलरला फाइल देणाऱ्यांची रांग आहे, तिथे जाऊन पंधरा डॉलर कोण देणार? शिवाय या कंपन्यांची स्पर्धा आपल्यासाठी चालली आहे, हा समज मुळातच चुकीचा आहे. ईलान्स १९९९ मध्ये आणि ओडेस्क २००३ मध्ये सुरू झाली, दोघी अशाच कामांच्या कंपन्या आणि एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. २०१३ च्या डिसेंबरात त्यांचे विलीनीकरण जाहीर झाले आणि २०१५ मध्ये त्या एकत्र कंपनीचेच नाव अपवर्क झाले. फ्रीलान्सर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात, अपवर्क २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आणि फायवर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. त्यांची ओढाताण ग्राहकांसाठी आहे. काम करणारे तर त्यांना मागतील तेवढे मिळतात, मग आपल्याला सवलत कशासाठी द्यायची?

अनुवादिका
तुमचे हे म्हणणे मला मान्य आहे, पण मग त्यांतल्याच एकीवर सगळे घर चालवण्याचा सल्ला तुम्ही पहिल्याच प्रतिसादात कसा दिलात?

जमाखर्च
एक महत्त्वाचा मुद्दा सगळे विसरत आहेत. परदेशातून परकीय चलनात पैसे येत असतील तर ती सेवांची निर्यात ठरते आणि तिच्यावर जीएसटीचा दर शून्य असतो. मात्र नोंदणी असलेल्यांनी कर न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र दाखल करावे लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही आणि ऑक्टोबर २०१७ पासून ही सूट राज्याबाहेरच्या सेवांनाही लागू आहे. परदेशातून आलेल्या रकमेचे प्रमाणपत्र मात्र बँकेकडून प्रत्येक वेळी मागून ठेवावे.

जुळेसोलापूरकर
माहितीबद्दल आभार, परंतु माझी उलाढाल २० लाखांच्या जवळपासही नाही आणि मी कराविषयी विचारलेले नाही. मला एवढेच सांगा, की जुने रेटिंग नव्या ठिकाणी नेता येते का?

अनुवादिका
नाही, आणि खरी अडवणूक तिथेच आहे. नव्या ठिकाणी तुम्ही पुन्हा शून्यापासून सुरू करता आणि पहिली काही कामे नाव होण्यासाठी स्वस्तात द्यावी लागतात. खाते बदलण्याचा हा खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

टेरीटॉवेल
जुन्या ग्राहकांना थेट मेल करून बाहेर काढा, कशाला कोणाला कमिशन द्यायचे? आमच्या धंद्यात मधला माणूस गेला की दोघांचे भले होते.

कोडवाला_पुण्यात
कृपया हे करू नका. अपवर्कच्या अटींनुसार तिथे भेटलेल्या ग्राहकाशी दोन वर्षे तिथूनच व्यवहार करावा लागतो किंवा ठरलेले शुल्क भरून त्याला बाहेर न्यावे लागते, आणि नियम मोडल्यास खाते कायमचे बंद होऊ शकते. दुसऱ्या ठिकाणी असाल तर तिथल्या अटी आधी वाचा.

अनुवादिका
धागाकर्त्यांना एक प्रश्न राहिला आहे. कामे सगळ्याच ग्राहकांकडून कमी झाली की एखाद्याकडूनच?

जुळेसोलापूरकर
अमेरिकेतल्या एका टोपी बनवणाऱ्या एजन्सीकडून रोज फाइली येत असत. तिने दिवाळीच्या सुमारास स्वयंचलित पंचिंगचे सॉफ्टवेअर घेतले आणि साधे लोगो स्वतःच करायला सुरुवात केली. बाकीचे ग्राहक साधारण पूर्वीइतकेच आहेत.

अनुवादिका
हे पहिल्या ओळीत लिहिले असते तर आमची अर्धी चर्चा वाचली असती. तुमची स्पर्धा त्या सॉफ्टवेअरशी आहे, त्यामुळे केवळ संकेतस्थळ बदलल्याने ती एजन्सी परत येणार नाही. आहे ते खाते रेटिंगसाठी चालू ठेवा आणि जिथे बोली लावावी लागत नाही अशा ठिकाणी दुसरे पान उघडा, पण तिथे सगळे पंचिंग न मांडता सॉफ्टवेअरला न जमणारा एकच प्रकार मांडा.

टेरीटॉवेल
तो प्रकार मी सांगतो, कारण अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे माग आहेत. टोपीसाठी केलेली फाइल टेरी टॉवेलवर चालवली की दोऱ्यांचे फासे टाक्यांमधून वर येतात आणि अक्षरे बुजतात. त्यासाठी खाली फासे दाबणारे विरळ टाके आधी घालावे लागतात आणि वरून पाण्यात विरघळणारी फिल्म लावावी लागते. बारीक अक्षरे तर कापड पाहूनच मोठी करून घ्यावी लागतात. परदेशी हॉटेलांचे लोगो असेच बिघडून आलेले मी पाहिले आहेत. हे काम नीट करणारा माणूस आम्हीही शोधतच असतो.

जुळेसोलापूरकर
टॉवेलची कामे मी इथल्या एका कारखान्यासाठी केली आहेत, परंतु माझ्या पानावर त्यांचा एकही नमुना नाही. जुने खाते ठेवतो आणि फायवरवर फक्त टॉवेलच्या पंचिंगचे पान उघडतो. दर मात्र पंधरा डॉलरच्या खाली आणणार नाही. टेरीटॉवेल, नमुने शिवून त्यांचे फोटो काढण्यासाठी वेगवेगळ्या वजनाचे तुकडे विकत मिळतील का?

टेरीटॉवेल
दुय्यम प्रतीचा माल पडलेला असतो, त्याचे पैसे नकोत. व्यक्तिगत निरोप केला आहे. येताना डीएसटी फाइल पेन ड्राइव्हवर आणा, म्हणजे आमच्याच मशीनवर चालवून पाहता येईल.

जमाखर्च
फायवरचे पैसे कोणत्या मार्गाने बँकेत घेणार, हे आधी ठरवा.

जुळेसोलापूरकर
त्यासाठी वेगळा धागा काढतो.