दहावीला गणित स्टँडर्ड की बेसिक : सोसायटीच्या पालक ग्रुपवरील चर्चा

ए-२०३
सर्वांना नमस्कार. मुलीच्या शाळेतून काल एक संमतिपत्र आले असून, दहावीच्या बोर्डाला ती गणित स्टँडर्ड स्तरावर देणार की बेसिक, हे आम्ही सहीनिशी कळवायचे आहे. शाळा सीबीएसईची आहे. नववीला तिला गणितात शंभरपैकी अठ्ठावन्न गुण मिळाले, बाकी सर्व विषयांत ऐंशीच्या पुढे. वर्गशिक्षिका बेसिक घ्या म्हणतात, तिच्या बाबांना ते कमीपणाचे वाटते, आणि तिला विचारावे तर ज्यात गुण जास्त मिळतील ते घेऊ, असे ती म्हणते. पुढे कोणती शाखा घ्यायची हे अजून ठरलेले नाही. ज्यांच्या घरी हा निर्णय होऊन गेला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-१०४
वहिनी, आमच्या मुलाने बेसिक घेतले होते आणि त्याचे काहीही अडले नाही. अकरावीचा केंद्रीय प्रवेश गुणांवर होतो. त्याला आर्ट्सलाच जायचे होते, त्यामुळे अवघड प्रश्नपत्रिका देऊन टक्केवारी खाली आणण्यात आम्हाला काही अर्थ दिसला नाही. कमीपणा वगैरे मनातून काढून टाका. निकालपत्रावर विषयापुढे बेसिक लिहिलेले असते, पण त्यावरून त्याला आजवर कोणी हटकलेले नाही.

सी-५०१
ताई, मी गणित शिकवण्यातून निवृत्त झालो असलो तरी या प्रश्नावर गप्प बसवत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. बेसिक घेतल्याने अभ्यास कमी होत नाही. सीबीएसईने २०१९-२० च्या सत्रापासून हे दोन स्तर आणले तेव्हाच स्पष्ट केले होते की पाठ्यपुस्तक, वर्गातील अध्यापन आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन दोन्हींसाठी एकच राहील. फरक फक्त ८० गुणांच्या लेखी परीक्षेत असेल. प्रश्नपत्रिकेचा सांगाडाही सारखाच आहे : तीन तास, ३८ प्रश्न, त्यांतले २० एकेका गुणाचे. वेगळे आहे ते प्रश्नांचे वजन. गेल्या काही वर्षांच्या अभ्यासक्रमपत्रिकेत स्टँडर्डच्या ८० पैकी ४३ गुण स्मरण आणि आकलनाचे, १९ उपयोजनाचे आणि १८ विश्लेषणाचे धरलेले आहेत. बेसिकमध्ये हेच आकडे ६०, १२ आणि ८ असे आहेत. म्हणजे पुस्तकातील पद्धत जशीच्या तशी वापरून सुटणाऱ्या प्रश्नांचे बेसिकमध्ये तीन चतुर्थांश राज्य आहे. त्यामुळे मूल वर्षभर तेच चौदा धडे शिकणार आहे, एवढे गृहीत धरूनच सही करावी.

दुसरी बाब पुढच्या वाटेची. बेसिक हा स्तर ज्यांना अकरावीत गणित घ्यायचे नाही अशांसाठी आखलेला आहे. बेसिक उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत मुख्य गणित घेता येणार नाही, असा मूळ नियम होता. अप्लाइड मॅथेमॅटिक्स (वाणिज्य व सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठीचा वेगळा विषय) मात्र घेता येते. करोनाच्या काळात ही अट शिथिल झाली आणि नंतरच्या काही सत्रांसाठीही, विद्यार्थ्याची क्षमता पाहून मुख्याध्यापकांनी परवानगी द्यावी, अशी सवलत मिळत राहिली. परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे, आणि तिच्या भरवशावर दहावीचा निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही. बेसिक उत्तीर्ण झाल्यानंतर स्टँडर्डची परीक्षा देऊन वाट मोकळी करून घेण्याची तरतूद आहे, पण दहावीनंतर मूल पुन्हा त्याच पुस्तकाला हात लावायला कितपत तयार असते, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

आता तुमच्या मुलीविषयी. अठ्ठावन्न हा आकडा मला फारसे काही सांगत नाही. बेचाळीस गुण कुठे गेले, ते सांगेल. पाठ्यपुस्तकातले एक गणित घेऊन पाहा. संथ पाण्यात ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नावेला प्रवाहाविरुद्ध २४ किलोमीटर जायला, तेच अंतर प्रवाहाबरोबर परत यायला लागतो त्यापेक्षा एक तास जास्त लागतो. तर प्रवाहाचा वेग किती? काही मुले कागदावर पहिली ओळच लिहू शकत नाहीत, कारण प्रवाहाविरुद्ध जाताना नावेच्या वेगातून प्रवाहाचा वेग वजा करायचा हे त्यांना मराठीत सांगता येते पण समीकरणात उतरवता येत नाही. काही मुले समीकरण अचूक मांडतात आणि छेद सारखे करताना चिन्हांत चुकतात. तिसऱ्या प्रकारची मुले ६ आणि उणे ५४ अशी दोन्ही मुळे काढतात आणि दोन्ही उत्तर म्हणून लिहून मोकळी होतात. वेग उणे कसा असेल, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. तिघांचेही गुण सारखेच कापले गेले तरी तिघांचे दुखणे निराळे आहे. चिन्हांत चुकणाऱ्या मुलाला बेसिक दिले तर तिथेही तो चिन्हांत चुकणारच आहे. त्याला सराव हवा. उत्तराकडे न पाहणाऱ्याला कोणीतरी शेजारी बसून, हे खरे असू शकते का, एवढेच विचारत राहायला हवे. मांडणीच न करता येणारा विद्यार्थी मात्र स्टँडर्डच्या प्रश्नपत्रिकेत खरोखर अडतो, आणि ती मांडणी सहा-सात महिन्यांत शिकवता येईल की नाही, यावर स्तराचा निर्णय व्हावा.

म्हणून माझी सूचना अशी की आधीच्या एखाद्या वर्षाची स्टँडर्डची प्रश्नपत्रिका घ्यावी, नववीत पाया झालेले आणि आतापर्यंत शिकवलेल्या धड्यांवरचे प्रश्न निवडावेत आणि वेळेचे बंधन न घालता ते तिला सोडवायला द्यावेत. वेळ न लावण्याला कारण आहे. घड्याळ लावले की न येणे आणि न पुरणे यांतला फरक दिसेनासा होतो.

डी-३०२
सर, तुमच्या मुद्द्याला जोडून अकरावी-बारावीविषयी लिहिते, कारण मी नुकतीच त्यातून बाहेर पडून अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. एमएचटी-सीईटी म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे आहेत, हे माझ्या अनेक मैत्रिणींच्या बारावीच्या दिवाळीनंतर लक्षात आले. शिवाय साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावरचे असतात, त्यामुळे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानणाऱ्यांची पंचाईत होते. काकू, तिच्या मनात अभियांत्रिकीचा विचार पुसटसा जरी असला तरी दहावीला स्टँडर्डच ठेवा, असे मला वाटते.

बी-४०३
ज्यांची मुले राज्य मंडळात आहेत त्यांच्यासाठी लिहितो. आपल्याकडे दहावीला आता असे दोन स्तर नाहीत; भाग १ आणि भाग २ सर्वांनाच असतात. सामान्य गणिताचा पर्याय पूर्वी होता, तो बंद झाला. निवड करावी लागते ती अकरावीत. विज्ञान आणि कला शाखेचे गणित व संख्याशास्त्र (संकेतांक ४०) वेगळे आणि वाणिज्य शाखेचे (संकेतांक ८८) वेगळे. वाणिज्यच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आहेच, पण सदिश, प्रतल आणि रेषायुग्मे यांच्याऐवजी कमिशन व दलाली, विमा, निर्देशांक, कालश्रेणी असे धडे आहेत. आमच्या मुलाने वाणिज्यला गणित घ्यावे की एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), यावर घरात महिनाभर वाद चालू आहे. शेजारीपाजारी सगळे सांगतात की एस.पी. पाठ करून गुण मिळतात आणि सीएला बारावीचे गणित लागत नाही.

ए-६०१
तुमचे शेजारी अर्धे बरोबर सांगतात. सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसण्यासाठी बारावीत गणित असण्याची अट नाही. परंतु त्याच फाउंडेशनचा तिसरा पेपर शंभर गुणांचा असून त्यात व्यवसाय गणित ४०, तर्क २० आणि संख्याशास्त्र ४० गुणांचे आहे, शिवाय चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. एस.पी. घेतलेला विद्यार्थी बारावीनंतर अवघ्या काही महिन्यांत हे सर्व नव्याने शिकायला बसतो, तेव्हा शेजारच्या बाकावर दोन वर्षे गणित आणि संख्याशास्त्र शिकून आलेला मुलगा असतो. माझ्याकडे आर्टिकलशिपला (सीएच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला) येणाऱ्यांत दोन्ही प्रकारची मुले उत्तम निघतात, मात्र एस.पी.वाल्यांपैकी बहुतेकांनी पहिल्या टप्प्यावर जास्त सोसलेले असते. मुलगा गणिताला घाबरत नसेल, केवळ कंटाळत असेल, तर गणित घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीबीएसईच्या पालकांसाठीही एक खुलासा. दहावीच्या बेसिकचा संकेतांक २४१ आहे आणि अकरावी-बारावीच्या अप्लाइड मॅथेमॅटिक्सचाही २४१. तसेच दहावीचे स्टँडर्ड आणि बारावीचे मुख्य गणित दोन्ही ०४१. ही योजना ज्यांनी केली त्यांनी पालकांचा विचार केलेला दिसत नाही. अप्लाइड म्हणजे बेसिकचीच पुढची पायरी, असा समज त्यामुळे पसरतो, तो खरा नाही. अप्लाइडमध्ये आर्थिक गणित, अनुमानात्मक संख्याशास्त्र, लिनियर प्रोग्रामिंग असे भरपूर काही आहे आणि तो अभ्यासक्रम वाणिज्य व सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. मात्र प्रत्येक शाळेत तो शिकवला जात नाही, हे आधी विचारून घ्यावे.

ए-३०५
माझ्या भाच्याच्या अनुभवावरून एक भर. त्याला सैन्यात जायचे होते आणि एनडीएच्या भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, एवढे वाचून त्याने गणित सोडले. प्रवेशपरीक्षेत मात्र ९०० पैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच असतो, आणि तो अकरावी-बारावीच्या गणितावर असतो. पात्रतेची अट आणि परीक्षेचा अभ्यासक्रम ही दोन्ही पाने वाचावीत.

बी-१०४
एवढे सगळे वाचून असे वाटेल की बेसिक घेणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे. माझा मुलगा आठवीपासून गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री जेवत नव्हता. बेसिक ठरल्यावर तो इतर विषयांकडे मोकळेपणाने वळला. प्रत्येक दार उघडे ठेवण्याच्या हट्टापायी मुलाला दोन वर्षे त्याच उंबरठ्यावर बसवून ठेवायचे का, हाही विचार व्हावा.

सी-५०१
आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. तुमच्या मुलाची वाट ठरलेली होती आणि त्रास खरा होता. अशा वेळी बेसिक हाच योग्य स्तर. माझा आक्षेप आहे तो केवळ आठ-दहा गुणांच्या वाढीसाठी, वाट ठरलेली नसताना बेसिक घेण्याला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषय दोन स्तरांवर देण्याची कल्पना गणितापासून सुरू करावी असे म्हटले आहे, तेव्हा पुढेमागे इतर विषयांतही हा प्रश्न आपल्यासमोर येईल. तो सोडवताना मुलाची गरज पाहावी, शाळेच्या निकालाची टक्केवारी नव्हे. काही शाळा आपला निकाल चांगला दिसावा म्हणून सरसकट बेसिक सुचवतात, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

ए-२०३
सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे या शनिवार-रविवारी तिला प्रश्न सोडवायला दिले. वेळ लावला नव्हता. वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, निर्देशक भूमिती यांतले सरळ प्रश्न तिने जवळपास सर्व बरोबर सोडवले. नावेच्या गणितासारख्या शाब्दिक उदाहरणांत मात्र दोन ठिकाणी तिने कागद कोरा सोडला. त्याच उदाहरणांत, कोणती राशी अज्ञात मानायची एवढे सांगितल्यावर पुढचे सगळे तिने स्वतः केले. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला माहीतच नव्हती : शाळेच्या परीक्षेत ती शाब्दिक उदाहरणे वाचतच नाही, थेट पुढच्या प्रश्नाकडे जाते.

सी-५०१
मग स्टँडर्ड भरा, ताई. पहिल्या ओळीशी अडणारी पण एका सूचनेने सुटणारी मुलगी बेसिकची नव्हे. रोज एकच शाब्दिक उदाहरण घ्या, आणि सोडवण्याची सक्तीही करू नका; फक्त अज्ञात राशी कोणती आणि दिलेल्या वाक्यातून समीकरण कोणते निघते, एवढ्या दोन ओळी तिने लिहाव्यात. उंची-अंतराच्या धड्यात आकृती काढण्यापर्यंतच थांबावे. महिन्याभराने पूर्ण उत्तरे लिहायला लावा. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी घरीच असतो, तेव्हा तिला वही घेऊन पाठवा.

आणि शाळेला लेखी विचारा की हे संमतिपत्र अंतिम आहे का. परीक्षार्थींची यादी बोर्डाकडे साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जाते, त्याआधी बदल करता यायला हवा. अर्धवार्षिक परीक्षेची वाट पाहण्याइतका वेळ मिळणार नाही, पण पहिल्या घटक चाचणीचा पेपर तरी हाती आलेला असेल.

डी-३०२
काकू, माझ्याकडे स्टँडर्डच्या जुन्या प्रश्नपत्रिका छापील स्वरूपात आहेत. उद्या संध्याकाळी आणून देते.

ए-२०३
सर्वांचे मनापासून आभार. शाळेला आजच ईमेल पाठवला आहे. सर, मंगळवारी तिला पाठवते. तिने सहा वाजताची वेळ विचारली आहे, चालेल का?

सी-५०१
साडेसहाला पाठवा.