इंग्रजीतल्या कोणत्या चुका खरोखर सुधाराव्यात?

प्रश्न : शिरोलीचा वाचक

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच विभागात काम करतो. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि आता रोज पंधरा-वीस ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात. आमचे वरिष्ठ साहेब व्याकरणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहेत. गेल्या आठवड्यात माझ्या एका ईमेलची प्रत काढून त्यांनी 'डिस्कस अबाउट' आणि 'रिटर्न बॅक' यांखाली लाल रेघा ओढल्या आणि तो कागद सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर ठेवला. चूक माझीच होती, हे मला मान्य आहे. परंतु तेव्हापासून दोन ओळींचे उत्तर लिहितानाही हात अडखळतो. कोणत्या चुकांनी कामाचे नुकसान होते आणि कोणत्या चुका केवळ जाणकारांना खटकतात, हे कसे ओळखावे?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले आहे आणि अशा चुका कानावर पडल्या की मलाही अजून त्रास होतो, त्यामुळे तुमच्या साहेबांची चिडचिड मी समजू शकते. मात्र माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावून भाषा सुधारत नाही, हे मी वर्गात पुष्कळदा अनुभवले आहे. तुमच्या दोन्ही चुकांचे मूळ मराठीत आहे. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून मनातल्या 'विषयी'साठी 'अबाउट' लिहिले जाते; पण 'डिस्कस' या क्रियापदात तो अर्थ आधीच सामावलेला आहे, तसाच 'रिटर्न'मध्ये 'परत' आहे. 'माझा एक मित्र' हे आपल्याकडे एकवचन, म्हणून आपण 'वन ऑफ माय फ्रेंड' म्हणतो. इंग्रजी मात्र अनेक मित्रांपैकी एक असे मोजते, म्हणून तिथे 'फ्रेंड्स' हवे. 'दोन वर्षांपासून'चे 'सिन्स टू इयर्स' होते तेही याच वाटेने. काळाचा आरंभ सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर', असा भेद इंग्रजी करते आणि आपले 'पासून' दोन्ही कामे एकटेच करते. या चुकांमुळे वाचणाऱ्याला तुमचे म्हणणे कळायचे राहत नाही. त्या सवडीने सुधाराव्यात.

उत्तर : निर्यात विभाग, गोकुळ शिरगाव

मॅडमनी 'पासून' सांगितले. माझे नुकसान 'पर्यंत'ने केले. सगळे कास्टिंग १५ तारखेपर्यंत पाठवतो, असे परदेशी ग्राहकाला कळवायचे होते आणि मी 'टिल फिफ्टीन्थ' असे लिहिले. त्याने अर्थ असा घेतला की १५ तारखेपर्यंत थोडा थोडा माल येत राहणार, आणि पहिल्या खेपेच्या भरवशावर आपले मशीन मोकळे ठेवले. आम्ही सगळा माल १४ तारखेला एकदम रवाना केला. आमच्या मते आम्ही एक दिवस आधीच होतो, त्याच्या मते दोन आठवडे उशिरा, आणि तो वाद मिटवायला फोनवर तीन दिवस गेले. कारखाना सहापर्यंत चालू असतो तिथे 'टिल', ट्रक सहापर्यंत पोहोचेल तिथे 'बाय'. सतत चालणाऱ्या क्रियेला एक शब्द आणि मुदतीला दुसरा. तसेच 'रिव्हर्ट' जपून वापरा. आपल्या कार्यालयांत त्याचा अर्थ उत्तर देणे असा रूढ आहे, परंतु बाहेरचा वाचक त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा घेऊ शकतो, आणि बदललेल्या ड्रॉइंगच्या संदर्भात तो गैरसमज फार महाग पडेल. व्याकरणाच्या दहा नियमांआधी हे दोन शब्द पाठ करा, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगतो.

उत्तर : भाषेची अभ्यासक, कोल्हापूर

खटकणाऱ्या सगळ्याच गोष्टी चुका नसतात, हेही साहेबांना आदराने सांगता येईल. वाक्याच्या शेवटी 'विथ' किंवा 'फॉर'सारखा शब्द नको, हा आक्षेप कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला. १७६२ साली व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट लाउथने मात्र ही रचना इंग्रजीच्या स्वभावातलीच असून बोलण्यात आणि साध्या लेखनात चालते, असे नोंदवले होते. तरीही शाळांतून तो आक्षेप नियम म्हणून शिकवला गेला. 'प्रीपोन' हा आपल्याकडे रुळलेला शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे. याउलट 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी घालणे सतराव्या-अठराव्या शतकांत सर्रास चालत असे आणि आज ती चूकच आहे. आपल्याकडेही १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा जुन्या वळणाच्या वाचकांना नवे मराठी अशुद्ध वाटले असणारच.

पुन्हा शिरोलीचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी साहेब एकटे असताना मी त्यांच्याकडे गेलो आणि माझ्या चुका माझ्यापुरत्या दाखवाव्यात, अशी विनंती केली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःच खुर्ची पुढे ओढून म्हणाले, बसा. आज सकाळच्या ईमेलमध्ये मी पहिल्यांदा 'टिल' लिहिले होते; ते खोडून 'बाय ट्वेंटी-एट्थ' केले आणि त्यांना दाखवले. त्यांनी फक्त एक स्वल्पविराम बदलला.