एसएलएमने पीएपीआर उतरला पण बीईआर बोंबलला (२ अँटेना, ओएफडीएम)

नेरुळ_बीई: नमस्कार मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, २ अँटेनांचं मायमो-ओएफडीएम (अनेक अँटेना, आणि डेटा एकाच वेळी अनेक बारीक फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे सबकॅरिअरवर वाटून पाठवायचा), ६४ सबकॅरिअर, अलामूटी कोडिंग (दोन सिग्नल दोन अँटेनांवरून दोन टाइम स्लॉटमध्ये पाठवायची पद्धत), सगळं मॅटलॅबमध्ये. पीएपीआर, म्हणजे सरासरी पॉवरच्या तुलनेत सिग्नलचा पीक, कमी करायला एसएलएम लावलंय, म्हणजे प्रत्येक अँटेनाला प्रत्येक स्लॉटमध्ये ४ फेज सिक्वेन्स (सबकॅरिअरची फेज फिरवणारे आकडे) लावून बघायचे आणि सगळ्यात कमी पीकवाला पाठवायचा. ०.१ टक्क्याच्या पॉइंटला (फक्त ०.१ टक्के वेळा ओलांडला जातो तो पीएपीआर) १०.७ डीबीचे ७.८ झाले, पण बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) पार गेलाय, एसएनआर (नॉइजच्या तुलनेत सिग्नल) कितीही वाढवला तरी खाली येत नाही. कुठला सिक्वेन्स लावला ते रिसिव्हरला बरोबर सांगतोय तरी. सोमवारी गाइडना दाखवायचंय, प्लीज बघा कोणीतरी

ऐरोली_आरएफ: फेज कोडिंगच्या नंतर लावतोयस ना? तिथेच घोळ आहे. अलामूटीत पहिल्या स्लॉटला एक्स१ आणि एक्स२ जातात, दुसऱ्याला त्यांचेच कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं केलेले) अदलाबदल करून, एकाला उणे चिन्ह. तू चारही ठिकाणी वेगळी फेज लावलीस की ही जोडी तुटते, मग रिसिव्हरमधल्या नेहमीच्या कंबाइनिंगने दोन सिग्नल सुटे होतच नाहीत. फेज कोडिंगच्या आधी लाव. आणि यातली सुंदर गोष्ट बघ, कॉन्जुगेट घेतला की टाइममध्ये वेव्हफॉर्म फक्त उलटी फिरते, पीक तेवढाच राहतो, म्हणजे दुसरा स्लॉट तपासायचीच गरज नाही, आयएफएफटी (सबकॅरिअरवरून टाइममधली वेव्हफॉर्म काढायचं गणित) निम्म्या झाल्या!

घोडबंदरवाला: एवढं कशाला, क्लिपिंग कर की सरळ, ठराविक उंचीवरचे पीक कापून टाक, दोन ओळींचा कोड

ऐरोली_आरएफ: @घोडबंदरवाला क्लिपिंग चालतं, पण त्याने बीईआर थोडा बिघडतोच, शिवाय शेजारच्या चॅनेलमध्ये सांडतं, फिल्टर लावला की पीक परत डोकं वर काढतात.

कळव्याची_ताई: अरे बाळा, पीक मोजताना ओव्हरसॅम्पलिंग (जास्त दाट सॅम्पल घेणं) केलंयस का? नुसत्या ६४ सॅम्पलवर मोजलंस तर मधले पीक दिसतच नाहीत, ॲम्प्लिफायरला मात्र ते सोसावे लागतात. ४ पट घे. आणि दोन्ही अँटेनांची सरासरी काढू नकोस, जास्त पीकवाली धर. ठाणे स्टेशनचा पूल सरासरी गर्दीवर बांधून चालेल का, ट्रान्स-हार्बर आणि फास्ट लोकल एकदम लागल्यावर जो लोंढा येतो त्यावरच बांधावा लागतो.

नेरुळ_बीई: झालं!! फेज आधी लावली, बीईआर एसएलएम नसलेल्या कर्व्हवर तंतोतंत बसला. ताई, ४ पटने पीएपीआर थोडा वर गेलाय, रिपोर्टमध्ये तोच आकडा टाकतो. खूप खूप आभार दोघांचे 🙏

ऐरोली_आरएफ: मस्त. आता साइड इन्फर्मेशनचं, म्हणजे कुठला सिक्वेन्स लावला ते रिसिव्हरला सांगणाऱ्या बिटांचं बघ, एक्स१ला २ बिट आणि एक्स२ला २ बिट, त्यांना वेगळं कोडिंग करून सांभाळ, ते चुकले तर अख्खा ब्लॉक गेला.