प्रतिसाद: चार महिने झाले, अपील होईल का?

ताई, घराच्या हिश्श्याचा निकाल लागून चार महिने झाले म्हणता. दार बंद झालेलं नाही, पण ढकलावं लागेल. वर एकाने अपिलाची मुदत ९० दिवस लिहिलीय. ती हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाच्या हुकुमाला. कौटुंबिक न्यायालयातल्या मालमत्तेच्या दाव्याला ३० दिवसच. दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले की इथंच घोळ होतो.

निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून नक्कल अर्जाची तारीख आधी बघा. उरलेल्या उशिरासाठी मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज. ‘वकिलांनी कळवलंच नाही’ एवढ्यावर भागत नाही, कागद लागतो. माझ्या मावसभावाचा उशीर माफ झाला, पण समोरच्या बाईंना खर्च देण्याच्या अटीवर. त्याला तेव्हा फार झोंबलं. मला विचाराल तर रास्तच होतं, त्याच्या आळसापायी त्यांना परभणीहून औरंगाबाद खंडपीठात खेटे पडले होते.

महाराष्ट्रात १९९४ पासून अशा दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. सोमवारीच जा.