मदत हवी आहे: मराठी पीडीएफसाठी दोनपैकी कोणतं एआय घेऊ?

सचिव_नाईलाजाने
सोसायटीच्या कामासाठी दोन एआय वापरून बघतोय. नावं देत नाही, नाहीतर धागा तिथेच भरकटेल. अ आणि ब म्हणू. सभेच्या इतिवृत्ताची पीडीएफ दिली, इंग्रजीत गोषवारा मागितला. अ ने ठीक दिला. ब ने न झालेले ठराव लिहिले, लिफ्टदुरुस्तीचा तर आकड्यासकट! उद्या एकाची वर्षाची वर्गणी भरायची आहे. कोणतं घेऊ? लवकर सांगा.

खटपट्या
फुकट चालवताय की पैसे भरून? किती पानं? स्कॅन की टाइप? सूचना काय दिली होती?

सचिव_नाईलाजाने
दोन्ही फुकट. २२ पानं. टाइप केलेली आहे हो, स्कॅन नाही. सूचना दोघांना एकच. ह्याचा काय संबंध?

लोखंडी_कपाट
अ नको आणि ब पण नको. सभासदांची नावं, थकबाकी बाहेर कशाला पाठवायची? ओलामा टाका (एआय मॉडेल आपल्याच संगणकावर चालवायचं सॉफ्टवेअर), घरच्या संगणकावर चालवा. ८०० कोटी पॅरामीटरचं (म्हणजे आतल्या आकड्यांचं) मॉडेल ४ बिटमध्ये दाबून साधारण ५ जीबीत बसतं, १६ जीबी रॅम पुरते.

खटपट्या
@कपाट, तेवढ्या मॉडेलचं मराठी वाचलंय का? विचारलंय काय, सांगताय काय.

बोरूबहाद्दर
सचिव, पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काय दिसतं?

सचिव_नाईलाजाने
इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. पण उघडल्यावर मराठी छान दिसतं की!

बोरूबहाद्दर
मग ब बिचारा निर्दोष आहे. निदान अर्धा. तुमचा टायपिस्ट जुन्या फॉन्टात टाइप करतो, श्रीलिपी किंवा कृतिदेव. त्यात 'क' च्या जागी आतून कुठलं तरी इंग्रजी अक्षर असतं, फक्त चित्र 'क' चं. अ बहुधा पानाचं चित्र करून वाचतो, ब आतला मजकूर उपसतो. ब ला काला मिळाला, वर तुमच्या सूचनेत 'सोसायटीची सभा' हे शब्द. मग सोसायट्यांत एरवी होतात ते ठराव त्याने रचले. 'वाचता येत नाही' म्हणायला हवं होतं, तो दोष त्याचाच.
उपाय: पीडीएफ उघडता त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट बघा, त्याच नावाचा युनिकोड परिवर्तक वापरा, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत बदलणारं साधन. श्रीलिपीत मालिकेचा क्रमांकही जुळायला हवा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

तिरपागडा
एवढं कशाला? ३०० डीपीआयने (म्हणजे पुरेशी ठळक) पानांची चित्रं काढा, ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या. पाच मिनिटांचं काम.

बोरूबहाद्दर
आणि 'घ' चा 'ध' झाला, रफार उडाला, १ चा ९ झाला की? थकबाकीच्या तक्त्यात तो ९ कोण शोधणार? मूळ वर्ड फाइल असेल तर ओसीआरचा विषयच नाही.

मराठीमास्तर
'प्रॉपर्टीज' ऐवजी 'गुणधर्म' लिहिता आलं असतं.

खटपट्या
मास्तर, वेगळा धागा काढा.
सचिव, युनिकोड झालं की तुलना पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी नवा संवाद, जुन्या गप्पांची स्मृती बंद, प्रत्येकाला तीनदा तेच काम. एकदा बरं आलं ह्याला अर्थ नाही. सूचनेत लिहा: 'प्रत्येक ठरावापुढे पान क्रमांक आणि मूळ मराठी वाक्य दे, नसेल तर नाही म्हण.' मग ती वाक्यं फाइलमध्ये शोधा. सापडलं नाही ते रचलेलं. बेरजा करायला लावू नका, एक्सेलचं सूत्र मागा. आणि लाखाचे आकडे मिलियनमध्ये आले की शून्यं मोजा.

सचिव_नाईलाजाने
वर्ड फाइल मिळाली, परिवर्तक चालला. आता ब चे सगळे ठराव बरोबर, पान क्रमांकासकट. उलट अ ने 'सूचक' चं 'इंडिकेटर' केलंय आणि 'सभा तहकूब' चं 'सभा रद्द'. म्हणजे ब घेऊ?

बोरूबहाद्दर
आधी सूचनेत दहा शब्दांची यादी घाला: सूचक, अनुमोदक, तहकूब, गणपूर्ती, थकबाकी, सिंकिंग फंड वगैरे, प्रत्येकाचा इंग्रजी शब्द समोर. अ तेवढ्यानेही सुधारेल. आणि सभासदांच्या नावांऐवजी सदनिका क्रमांक टाका, कपाटरावांचं तेवढं खरं आहे.

खटपट्या
वर्गणी वर्षाची नको, महिन्याची. फुकटात चालतं तेच मॉडेल पैसे भरल्यावर मिळेल असं नाही, तेव्हा हीच २२ पानं पुन्हा घालून बघा.

सचिव_नाईलाजाने
कार्यकारिणीने वर्षाचीच मंजूर केली आहे. ठराव झालाय.

तिरपागडा
कुठल्या फॉन्टात?