मदत हवी आहे : वार्तापत्रात माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या छापताना संमती कशी घेता?

नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजच्या एमबीए विभागाचं वार्तापत्र काढायचं काम माझ्याकडे आलंय. कुणाला मिहानमध्ये नोकरी लागली, कुणी बुटीबोरीत कारखाना टाकला, कुणी नेट पास झालं, अशा बातम्या. छापील प्रती थोड्याच, पण पीडीएफ वेबसाइटवर कायम राहणार.

बातम्या येतात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, तेही बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी टाकलेल्या. खाली अभिनंदनाचा पाऊस, नेमका हुद्दा मात्र कुणी सांगत नाही. गूगल फॉर्म फिरवून पाहिला. ज्यांच्या बातम्या खरंच छापण्यासारख्या, तेच भरत नाहीत. फोनवर भरभरून बोलतात, लेखी काही हाती लागत नाही. लिंक्डइनवरून हुद्दा जुळवता येतो, पण तिथला फोटो न विचारता उचलणं मला पटत नाही.

वरिष्ठांना प्रत्येक नावापुढे पॅकेजचा आकडा हवाय. माझं मत, नको. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) पाचव्या निकषासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या नोंदीसाठी, नेमणूकपत्रं वेगळी जमवतोच आहोत, मग पगार चव्हाट्यावर कशाला? शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच.

बजेट शून्य, मदतीला दोन विद्यार्थी, अंक दिवाळीआधी हवा. त्यामुळे 'एखादं सॉफ्टवेअर घ्या' हा सल्ला कृपया नको.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचंय : व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'हो, छापा' एवढं उत्तर जपून ठेवलं तर संमती म्हणून पुरतं, की सही घ्यावीच लागते? आणि नाव, फोटो, पगार यांची परवानगी वेगवेगळी मागणारा मराठी मसुदा कुणाकडे आहे का?